आंब्याला कोणी ताजा म्हणत नाही

वाशीच्या फळबाजारात मी नोकरीला लागले तेव्हा मला बसायला खुर्ची नव्हती. आंब्याची रिकामी लाकडी पेटी उलटी करायची, तिच्यावर गोणपाट टाकायचं आणि बसायचं. समोर टेबल होतं, टाइपरायटर होता, फॅक्सचं मशीन होतं. खुर्ची मात्र अख्ख्या गाळ्यात एकच, आणि तिच्यावर शेठ. "खुर्ची कायमच्या माणसाला मिळते, मॅडम," शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "आधी एक सीझन काढून दाखव." मी मनात म्हटलं, एकच काय, दहा काढते. पेटीच्या फळ्या मांडीला रुतायच्या, पण मी तसं कोणाला कळू दिलं नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. फळबाजार मुंबईहून वाशीला येऊन थोडेच हंगाम झाले होते. आबा, म्हणजे माझे वडील, त्या बाजारात माथाडी. साताऱ्याकडच्या डोंगरातून तरुणपणी मुंबईला आले, जुन्या बाजारात डोक्यावर पेट्या वाहिल्या आणि बाजार उठला तसे त्याच्या मागोमाग खाडी ओलांडून इकडे आले. नेरूळला आमची एक खोली होती. मी इंग्रजी घेऊन बीए झाले तेव्हा आबांच्या टोळीतल्या माणसांनी मिळून पेढे वाटले होते. इंग्रजीतून बीए म्हणजे काय हे त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही फारसं ठाऊक नव्हतं.

आबांनी जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. माझ्यासाठी मागितलं. डोक्यावरची पेटी उतरवून शेठसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, पोरगी इंग्रजी लिवती. तुमचं परदेशाचं काम सांभाळंल. मी शबुद देतो." शेठचा माल आखातात जायचा आणि तिकडचे फॅक्स वाचताना त्यांना घाम फुटायचा. त्यांनी मला ठेवून घेतलं. म्हणून माझ्या त्या उलट्या पेटीखाली आबांचा शब्द होता. नोकरी सुटली असती तर मी घरी बसले असते, त्याचं फारसं काही नाही. पण आबांना टोळीत मान खाली घालावी लागली असती, आणि तो विचारसुद्धा मला सहन होत नव्हता.

तर मी कामाला लागले आणि हुशारी दाखवायला गेले. आमच्या निर्यातीच्या खोक्यांवर तोवर नुसती गाळ्याची खूण असायची, काळ्या शाईचा ठसा. मी शेठना म्हटलं, असं चालणार नाही, खोक्यावर एक झोकदार इंग्रजी शब्द पाहिजे. शब्दही मीच काढला. फ्रेश. गोल लाल स्टिकर, त्यात पांढरी मोठी अक्षरं. बेलापूरला आखातात नोकरीला जाणाऱ्यांसाठी अरबी शिकवणारी पातळ पुस्तकं मिळायची. त्यातलं एक मी आणलं आणि शब्द तपासून घेतला. फ्रेश म्हणजे आपला ताजा, आणि अरबीत ताझज. म्हणजे जवळजवळ आपलाच शब्द! मला इतका आनंद झाला की मी ते पुस्तक शेठच्या नाकासमोर धरलं. इंग्रजीत तेच, मराठीत तेच, अरबीतही तेच, आता गोंधळ व्हायला जागाच नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. शेठनी स्टिकरची बंडलंच्या बंडलं छापून घेतली.

आबांनी तो स्टिकर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "काय लिवलंय?"

"ताजा."

आबा हसले. "आंब्याला कोन ताजा म्हंतं का, पोरी?"

मी त्यांना उडवून लावलं. तुम्हाला काय कळतंय त्यातलं, असं म्हणाले नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. आबांनी स्टिकर माझ्या टेबलावर ठेवला आणि पुढची पेटी उचलायला गेले. ते हसू उडवून लावणं मला पुढे फार महागात पडलं.

हंगामाचा पहिला माल विमानाने गेला. आठवडाभराने आखातातल्या खरेदीदाराचा फॅक्स आला. तो इंग्रजीत लिहायचा, मोडकं पण स्पष्ट. 'तुमचे आंबे मेलेले आहेत,' त्याने लिहिलं होतं. 'खोक्यावर फ्रेश लिहिलं आहे म्हणून माझ्या सगळ्या दुकानदारांनी ते लगेच थंडीत ठेवले, फ्रेश राहावेत म्हणून. आता ते हिरवे आहेत, डागाळले आहेत, आत आंबट आहेत आणि बाहेर काढून ठेवले तरी जागे होत नाहीत. अजून एक खेप बघेन. मग दुसरीकडे जाईन.'

मी तो फॅक्स शेठना मराठीत सांगितला. सांगताना एकही शब्द गाळला नाही, एवढं मात्र मी माझ्याबद्दल म्हणू शकते. शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि मग अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लेबल कोणाची आयडिया होती? हां? इतकी वर्षं माल जातोय, कधी झंझट नाही. एक शब्द चिकटवला आणि वाट लागली!" पलीकडच्या गाळ्यातले दलाल माना काढून बघायला लागले. शेठ आवाज खाली आणून म्हणाले, "तुझा बाप चांगला माणूस आहे म्हणून आज काय बोलत नाय. पण ही दुसरी खेप बिघडली, तर दुसऱ्या दिवशी येऊ नको."

आबा दहा पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. घरी जाताना त्यांनी त्यातलं अवाक्षर काढलं नाही, उलट मला भजी खायला घातली.

त्या रात्री मी रडले, पण थोडंच. सकाळी उठले ती चिडूनच. शब्द मी लावला होता, तर निस्तरायचाही मीच, असं मी ठरवलं. दुसरी खेप दहा दिवसांवर होती.

आधी मी दुसरं विशेषण शोधायला बसले. टाइपरायटरच्या कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहीत गेले. 'रॉ' लिहिलं तर त्यांना वाटेल लोणच्याच्या कैऱ्या पाठवल्या. 'रायप' लिहावं तर धडधडीत खोटं, कारण खोक्यातला आंबा दगडासारखा टणक. 'मॅच्युअर' बरा वाटला, आमचे व्यापारी निर्यातीच्या कागदावर तोच लिहितात. पण पुस्तकात बघितलं तर अरबीत त्यालाही पिकलेल्या फळाचाच शब्द दिलेला. 'हार्ड', 'ग्रीन', 'अनरायप' असं करत मी सगळा कागद भरून काढला आणि सगळं खोडलं. खोक्यातल्या आंब्याला आमच्याकडे निबर म्हणतात. पूर्ण भरलेला, देठाशी खड्डा पडलेला, खांदे वर आलेले, झाडावरचं काम संपलेला, पण अजून पिकायचा असलेला. एवढं सगळं आमच्या बाजारातल्या माणसाला त्या एका शब्दात कळतं. इंग्रजी वाचणाऱ्या अरबाला ते कळवायला माझ्याकडे शब्द नव्हता, बीए झालेली असूनही.

शेवटी मला चाचा आठवले. नेरूळजवळच, सारसोळ्याच्या कोळीवाड्याच्या वाटेवर त्यांचं टेलिफोन बूथ होतं. मूळचे रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. कुवेतच्या गोदीत वीस वर्षं कारकून होते. युद्ध झालं तेव्हा एक पिशवी घेऊन परत आले, आणि उरल्यासुरल्या पैशांवर त्यांनी हे बूथ टाकलं. आखातात नवरे असलेल्या बायका तिथे फोन लावायला यायच्या. पलीकडून कोणी अरब बोलला की चाचा रिसीव्हर घेऊन असं काही घडाघडा बोलायचे की रांगेतली पोरंसोरं तोंडाकडे बघत राहायची.

संध्याकाळी त्यांच्याकडे निघाले. वाटेत सारसोळ्याच्या कोळणी पाट्या मांडून बसल्या होत्या. एकीने मला हाक मारली, "घे गो बाय, ताजी हाय, आताच आनलीय. घरी नेलीस का बर्फान ठेव, नायतर जाईल." मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. मग मागे येऊन तिच्या पाटीतल्या बर्फाकडे बघत उभी राहिले. तिला वाटलं भाव करते आहे. मी उगाचच थोडे बोंबील घेतले आणि माझी अक्कल ठिकाणावर आली.

आपण ताजं कशाला म्हणतो? जे आज उत्तम आहे आणि उद्या कमी होणार आहे त्याला. मासळी, दूध, कोथिंबीर. म्हणून ताज्या वस्तूला माणूस थंडीत ठेवतो, तिचं जाणं लांबवतो. आंब्याचं सगळं उलटं. तो आज काहीच नाही आणि चार दिवसांनी सगळं काही. त्याला थंडी नको, ऊब पाहिजे. म्हणून तर आमच्याकडे त्याला पेंढ्यात घालून अढी लावतात. फ्रेश हा शब्द अरबांना बरोबर कळला होता. त्यांनी ताज्या वस्तूचं जे करायचं तेच केलं होतं. त्यांची काडीची चूक नव्हती. चूक माझीच, आणि आबांनी ती हसत हसत पहिल्याच दिवशी सांगितली होती.

चाचांच्या बूथमध्ये गर्दी नव्हती. मी सगळं सांगितलं, फॅक्स दाखवला, खोडलेल्या विशेषणांचा कागदही दाखवला. चाचांनी तो कागद चष्मा वर करून वाचला आणि बाजूला सारला.

"बाय, त्यांच्याकडे आंब्याची झाडं नाहीत. आंबा पिकताना त्यांनी बघितलाच नाही. त्यांना दुकानातला आंबा ठाऊक. मग तू एक शब्द लिही नाहीतर दहा लिही, त्यांना काय कळणार?"

"मग काय करू?"

"त्यांनी काय पिकताना बघितलंय ते बघ." चाचा बाटलीतलं पाणी प्याले, त्यांना सांगायची घाई नव्हती. "खजूर. लहान पोरगं असलं तरी त्याला खजुराचं सगळं ठाऊक. पिवळा, टणक असतो तो खलाल. तो मऊ पडला, मधासारखा झाला, की रुतब. सुकला की तमर. खलालचा घड ते घरात टांगून ठेवतात आणि रुतब व्हायची वाट बघतात. तुझी अढी आणि त्यांचा तो घड, एकच गोष्ट. मी वीस वर्षं डोळ्यांनी बघितलीय ना!"

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, बूथमध्ये फोनवर बोलणारी एक बाई दचकली.

आम्ही तिथेच बसून मजकूर केला. मी मराठीत सांगायचं, चाचांनी थोडा वेळ डोळे मिटायचे आणि मग उजवीकडून डावीकडे लिहायचं. आंब्याला त्यांनी 'हम्बा' लिहिलं. तिकडच्या बोलीत आंब्याला तेच म्हणतात, आपलाच शब्द बोटीतून जाऊन तिथे राहिलेला, असं ते म्हणाले. चिठ्ठी अशी झाली: हा हम्बा अजून खलाल आहे. याला थंडीत ठेवू नका. खोलीत, सावलीत, एकेक सुटा मांडून ठेवा. तीन-चार दिवसांनी देठाशी नाक लावा. वास आला की तो रुतब झाला. मग खा, मग हवा तर थंडीत ठेवा.

देठाशी नाक लावायचं, ते मात्र माझं. म्हणजे आबांचं. डोक्यावर पेटी घेतली की कुठल्या पेटीतला आंबा पिकायला लागलाय ते आबांना झाकण न उघडता कळायचं. टोळीत त्यांच्या नाकाची थट्टा व्हायची.

दुसऱ्या दिवशी शेठसमोर चिठ्ठी ठेवली. त्यांनी ती हातात धरली, बराच वेळ बघितली. "यात काय लिहिलंय ते तुला तरी वाचता येतं का?"

"नाही. पण काय लिहिलंय ते माहीत आहे."

"ठीक आहे. टाका आत. पण स्टिकर बाहेर राहणार. एकदा फ्रेश म्हणून पाठवला, आता बिनफ्रेशचा गेला तर लोक म्हणतील शिळा आहे."

इथे माझं डोकं फिरलं. "शेठ, बाहेर ताजा आणि आत ताजा नाही, असं एकाच खोक्यावर कसं लिहायचं? दुकानदार आधी बाहेरचं वाचणार, लगेच थंडीत टाकणार, आतली चिठ्ठी मग थंडीतच राहणार. स्टिकर नको."

"आणि ही एवढी बंडलं?"

"माझ्यामुळे आली होती. मीच टाकून देते."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्याशी असं कोणी बोलत नसे, त्यातून बाईमाणूस तर नाहीच. मी नजर हलवली नाही. "टेन्शन नको देऊ सकाळी सकाळी," ते शेवटी म्हणाले. "कर तुला काय करायचं ते. मी काय बोललोय ते लक्षात आहे ना?"

"आहे."

चिठ्ठीच्या झेरॉक्स काढल्या, एका पानावर चार. घरी बसून कात्रीने कापल्या. आईने मैद्याची खळ शिजवून डब्यात भरून दिली. माल भरायच्या दिवशी पहाटेच बाजारात गेले. मी फॅक्सवर विमानाचे कागद मागवत बसले आणि चिठ्ठ्या झाकणांच्या आतून चिकटवायचं काम आबांच्या टोळीने घेतलं. आपल्यातल्या पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे हे टोळीला कळलं होतं. त्यांनी हातासरशी काम उरकलं. मी बघायला आले तेव्हा सगळी झाकणं मांडून ठेवली होती, खळीचा वास येत होता, आणि टोळीचा मुकादम कंबरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत होता.

मी पहिलं झाकण बघितलं, मग दुसरं. चाचांच्या मूळ कागदाशी लावून बघितलं. निम्म्या चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या. वर कुठलं आणि खाली कुठलं, हे कोणाला कळणार? टोळीत वाचता येणारे चार जण, तेही मराठी. त्यांना ती नुसती वेलबुट्टी. आणि मी तरी कुठे सांगितलं होतं? मला स्वतःलाच मूळ कागद नसता तर कळलं नसतं.

खाली टेम्पो उभा होता. मी खळीच्या डब्याशी उकिडवी बसले आणि उलटी चिठ्ठी सोलायला लागले, तर ती फाटली. दुसरीही फाटली. मुकादम हळूच म्हणाला, "ताई, आमचं चुकलंच." मला त्याच्यावर ओरडायचं होतं, आणि रडायचंही होतं. दोन्ही होईना.

आबा माझ्याजवळ येऊन बसले. "पोरी, आंबा खायचा म्हणून झाकान उघडलं. आत कागुद दिसला, उलटा. तू काय करशील?"

"फिरवून वाचीन."

"मग त्ये बी फिरवून वाचतील की. त्येंला काय मान न्हाय व्हय?"

मुकादम आधी हसला. मग सगळी टोळी हसली, आणि मला हसू आवरेना. चिठ्ठ्या फाटलेल्या दोन झाकणांवर नव्या लावल्या, यावेळी मी स्वतः, सुलट. माल गेला. लाल स्टिकरांची बंडलं मी बाजाराच्या कचऱ्यात नेऊन टाकली, तेव्हा खूप बरं वाटलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. पलीकडचा दलाल रोज येता-जाता विचारायचा, "काय मॅडम, खोक्यात पोस्टकार्ड टाकलं म्हणे? उत्तर आलं का?" मी म्हणायचे, "येईल." आबा पेट्या वाहताना आमच्या गाळ्यावरूनच जायचे. वाट लांबची पडली तरी तिथूनच. आणि दर वेळी फॅक्सच्या मशीनकडे एक नजर टाकायचे. मशीन गप्प होतं. मी पेटीवर बसून जुनी पत्रं परत टाइप करायचे, हात रिकामे राहू नयेत म्हणून.

एके दुपारी मशीन करकरलं. कागद यायला लागला आणि मी धावत गेले. वरच्या कोपऱ्यात त्याच खरेदीदाराचा शिक्का होता. खाली सगळं अरबी. हाताने लिहिलेलं, दाट, पानभर. इंग्रजीचा एक शब्द नाही.

शेठही उठून आले. "हा तर इंग्रजीत लिहितो ना नेहमी?"

मनात एकच गोष्ट आली, आणि शेठच्याही तीच आली असणार. माणूस सभ्यपणे दुसऱ्याच्या भाषेत बोलतो, पण शिव्या द्यायच्या झाल्या की आपल्या भाषेवर येतो. पानभर शिव्या! शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "जा. वाचून आण. आणि काय असेल ते सरळ सांग." मी कागदाची गुंडाळी छातीशी धरून निघाले, तर आबा दरवाजात. अंगावर कामाचा सदरा, डोक्याला बांधलेला टॉवेल तसाच. "मी बी येतो," एवढंच म्हणाले.

आम्ही चाचांकडे पोहोचलो. मी कागद पुढे केला. चाचांनी तो टेबलावर सरळ केला, दोन्ही बाजूंना फोनच्या डायऱ्या ठेवल्या आणि वाचायला लागले. मनातल्या मनात. ओठ हलत होते. मग थांबले, चष्मा काढला, पुसला, परत पहिल्या ओळीवर गेले.

"चाचा, सांगा ना."

"थांब गो बाय." चाचा म्हणाले. "हे मला आहे. पहिली ओळ मला आहे. 'ज्या भावाने ती चिठ्ठी लिहिली त्याला सलाम.' कुवेतहून आल्यापासून अरबीत मला कोणी सलाम लिहिला नव्हता."

मग त्यांनी मोठ्याने वाचलं. आधी अरबी, मग मराठी. दुकानदार पहिल्यांदा हसले म्हणे, हम्ब्याला खजुराचे शब्द कोणी लावले म्हणून. पण कळलं सगळ्यांना, एकालाही विचारावं लागलं नाही. काहींच्या चिठ्ठ्या उलट्या होत्या, तर त्यांना वाटलं मुद्दाम, समोरून झाकण उघडणाऱ्या गिऱ्हाईकाला सुलट वाचता यावं म्हणून. आंबे त्यांनी मागच्या खोल्यांत मांडले. चौथ्या दिवशी वास रस्त्यापर्यंत आला, आणि लोक वास घेत आत आले. पुढची खेप लवकर पाठवा, चिठ्ठी याच हातची पाहिजे, आणि तो लाल शब्द परत लावू नका, असं शेवटी होतं.

आबा एवढा वेळ बाकावर टॉवेल हातात घेऊन बसले होते. अरबी चालू होतं तेव्हा त्यांनी मान वर केली होती. "त्येंनी मगाशी एक शबुद वाचला. हम्बा. दोनदा वाचला."

"होय," चाचा म्हणाले. "म्हणजे आंबा."

"मला कळला की त्यो!" आबा म्हणाले. परदेशातून आलेल्या कागदातला एक शब्द त्यांना कोणी न सांगता कळला होता. ते मला तो शब्द कागदावर कुठे आहे ते दाखवायला लावत होते. मला दाखवता येईना, चाचांनी त्यांचं बोट धरून त्याच्यावर ठेवलं.

मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. यावेळी थोडं नाही.

शेठना मी सगळं सांगितलं, जसंच्या तसं. चाचांचा सलामसुद्धा. शेठनी दोनदा ऐकलं, गल्ल्यावरचा पंखा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "ठीक आहे, मॅडम." बस, एवढंच. मी परत पेटीवर बसून कामाला लागले. त्या माणसाकडून मी जास्त काही मागितलंही नसतं.

दोन दिवसांनी सकाळी बाजारात नेहमीपेक्षा वेगळा गलका ऐकू आला. शिट्ट्या येत होत्या. मी गाळ्याच्या तोंडाशी आले. पेट्यांच्या दोन रांगांमधून आबा येत होते, मान ताठ, एक हात वर. त्यांच्या डोक्यावर खुर्ची होती. लोखंडी पायांची, हिरव्या रेक्झिनची, अंगावरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. शेठनी ती तुर्भ्याच्या दुकानातून आणायला सांगितली होती. टोळीतले दोघे रिकामी हातगाडी घेऊन त्यांच्या मागून चालले होते आणि ओरडत होते, "आबा, गाडीवर ठेवा की! मान मोडंल!" आबांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचा माल डोक्यावरून वाहिला होता. ही खुर्ची त्यांना कोणाच्या हातात द्यायची नव्हती.

त्यांनी ती टेबलामागे उतरवली. माझी उलटी पेटी पायाने बाजूला सारली. टॉवेलने खुर्चीचं प्लास्टिक पुसलं, मग सीटवर अंगठा दाबून पाहिला, आंब्याच्या देठाशी दाबतात तसा.

"बस," आबा म्हणाले.